निळं पाणी, संत्र्याची साल आणि सरांचा प्रश्न

दिवाळीच्या आधी एक शनिवार माळा आवरण्यात जातो, तसा तो गेला. मी स्टुलावर, बायको खाली, आणि वरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न : ठेवायचं की टाकायचं? पितळी समई ठेवायची. सीआरटी मॉनिटर टाकायचा (हो, अजून होता). मग हाताला लागलं एक काळ्या रेक्झिनचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक. माझा बी.ई.चा प्रोजेक्ट रिपोर्ट, साल २००३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मी मुळात केमिकल इंजिनिअर आहे. म्हणजे डिग्री तशी आहे. कॅम्पसला पहिली सॉफ्टवेअर कंपनी आली तेव्हा मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल असे सगळे एकाच रांगेत उभे राहिले, पुढे एकाच ट्रेनिंग रूममध्ये बसून जावा शिकले, आणि मग फार कोणी मागे वळून पाहिलं नाही. असो.

रिपोर्टचा विषय होता संत्र्याच्या सालीने सांडपाण्यातला रंग काढणे. चौघांचा ग्रुप. कॉलेजसमोरच्या ज्यूसवाल्याकडून पोतंभर सालं आणली, हॉस्टेलच्या गच्चीवर वाळवली, एका लोकल मित्राच्या आईच्या मिक्सरमध्ये बारीक केली (काकूंनी तो मिक्सर परत वापरला की नाही, देव जाणे). लॅबमधून मिथिलीन ब्लू घेतला, पाण्यात कालवला, त्यात सालीची पूड टाकून हलवत बसलो. तासाभरात शाईसारखं निळं पाणी जवळपास नितळ झालं. नव्वदच्या वर टक्के रंग गायब! ग्राफ सुरेख आले, सरळ रेषेवर सगळे ठिपके बसले. आम्हाला वाटलं, आपण देशाच्या नद्या साफ केल्या.

व्हायवाला आमच्या गाइड सरांनी एकच प्रश्न विचारला.

"पाणी साफ झालं, छान. रंग गेला कुठे?"

"सर, सालीवर."

"मग आता सालीचं काय करणार?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. एक जण म्हणाला, "सर, जाळता येईल." सर म्हणाले, "मग धुराचं आणि राखेचं काय?" तेवढ्यात एक्स्टर्नलचा चहा आला आणि आम्ही सुटलो. त्या संध्याकाळी लॅब रिकामी करून द्यायची होती. निळ्या सालीचे तीन बीकर, उरलेलं रंगाचं द्रावण... सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि वरून नळ सोडला. ते पाणी कॉलेजमागच्या नाल्यात जात होतं हे आम्हाला चांगलं माहीत होतं.

रिपोर्ट परत माळ्यावर गेला नाही. रविवार त्याच्यातच गेला. फक्त या वेळी मी ग्राफ न बघता मागचा इतिहास वाचत बसलो, आणि सरांचा प्रश्न आमच्यापेक्षा बराच जुना आहे असं लक्षात आलं.

* * *

सुरुवात आपल्याच माठापासून करू. मराठीत पाणी 'निवळतं', आणि निवळी नावाचं एक झाडही आहे. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या वस्तूंमध्ये कतकाचं नाव येतं. निवळीची बी मडक्याच्या आतल्या बाजूला घासायची, मग त्यात पाणी भरायचं, थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. तिकडे सुदानमध्ये नाईलचं गढूळ पाणी स्वच्छ करायला खेड्यातल्या बायका शेवग्याच्या बियांची पूड वापरायच्या. सामिया अल अझारिया जाह्न या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकापासून त्याचा शास्त्रीय अभ्यास केला. शेवग्याच्या बियांमधल्या प्रथिनांवर धनभार असतो आणि पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार. दोघं एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि खाली बसतात. तुरटी फिरवल्यावर जे होतं तेच, फक्त झाडाच्या बीने.

पण गढूळ पाणी आणि रंगीत पाणी यांत फरक आहे. गढूळ पाण्यात कण तरंगत असतात. रंग बहुतेक वेळा विरघळलेला असतो, म्हणजे साखर चहात विरघळते तसा. तो आपला आपण तळाशी बसत नाही आणि गाळणीत अडकत नाही. त्याला धरून ठेवायला काहीतरी लागतं, ज्याच्या पृष्ठभागाला तो जाऊन चिकटेल. याला म्हणतात अधिशोषण. शोषण म्हणजे स्पंज पाणी पितो ते. अधिशोषण म्हणजे फ्रीजच्या दारावर मॅग्नेट चिकटतात ते. दारावर जागा जितकी जास्त, तितके मॅग्नेट जास्त.

ही गोष्ट नीट हाताशी आली सेंट पीटर्सबर्गमध्ये, १७८५ साली. टोबियास लोविट्झ नावाचा एक औषधशास्त्रज्ञ टार्टारिक आम्लाचे पांढरे स्फटिक बनवायच्या मागे होता आणि त्याचं द्रावण सारखं तपकिरी पडत होतं. लाकडी कोळशाची पूड त्यात मिसळली तर हा तपकिरी रंग जातो, असं त्याच्या लक्षात आलं. मग गडी पेटलाच. जे सापडेल त्यात कोळसा घालून बघायला लागला. धान्याच्या दारूचा उग्र वासही कोळशाने कमी होतो हे त्याने दाखवलं. व्होडका कोळशातून गाळण्याची पद्धत रशियात रुजली ती इथून पुढे.

लाकडी कोळसा म्हणजे झाडच की! तेव्हा वनस्पतीजन्य पदार्थाने द्रवातला रंग काढणे, हा आमच्या प्रोजेक्टचा विषय आम्ही हात लावायच्या आधीच सव्वादोनशे वर्षांच्या घरात जुना होता.

लोविट्झच्या कोळशाला गिऱ्हाईक मिळालं ते मात्र साखरेच्या धंद्यात. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडची नाकेबंदी जाहीर केली आणि युरोपात उसाच्या साखरेची टंचाई झाली. मग बीटापासून साखर बनवायची धडपड सुरू झाली. बीटाचा रस काळपट, वासाचा. तो पांढरा केल्याशिवाय कोण खाणार? बेंजामिन देलेसेर याने पॅरिसजवळ पासी इथे हे जमवलं, आणि जानेवारी १८१२ मध्ये खुद्द नेपोलियन कारखान्यात येऊन त्याला स्वतःचा सन्मानाचा क्रॉस देऊन गेला. त्याच सुमारास, १८११ मध्ये, माँपेलिएच्या फिगिए या औषधशास्त्रज्ञाने दाखवलं की लाकडापेक्षा हाडांचा कोळसा रंग जास्त चांगला काढतो. पुढची शंभर वर्षं साखर कारखान्यांत हाडांच्या कोळशाचं राज्य होतं. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखरेवर बहिष्कार घालताना तिला हाडं लागतात हे एक कारण सांगितलं जायचं, त्याचं मूळ इथे आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या, ती पुढे लागणार आहे. साखरवाला कोळशावर खर्च करत होता कारण पांढऱ्या साखरेला जास्त भाव मिळत होता. रंग काढण्याचे पैसे त्याला त्याच दिवशी गल्ल्यात परत मिळत होते.

* * *

आता दुसरी बाजू. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरातल्या पदार्थांपासून क्विनाइन बनवायला निघाला आणि हाती आला जांभळा रंग, मॉव्ह. पुढच्याच वर्षी त्याने ग्रीनफर्ड इथे कारखाना टाकला, कालव्याच्या काठावर. आज कारखान्यात कुठला रंग चाललाय हे कालव्याच्या पाण्यावरून कळायचं, अशी त्या भागातली दंतकथा आहे. खरी असो वा नसो, लोकांना ती गंमत वाटत होती.

गंमत फार टिकली नाही. स्वित्झर्लंडमध्ये बासेल इथे फुक्सिन हा किरमिजी रंग बनत होता आणि त्यासाठी आर्सेनिकचं आम्ल वापरत होते. म्युलर-पाक नावाच्या उद्योजकाच्या कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरलं, शेजारच्या विहिरीत उतरलं आणि १८६४ मध्ये माणसं आजारी पडली. खटला झाला, त्याला शिक्षा झाली. रंगाचा धंदा वयात यायच्या आधीच कोर्टाची पायरी चढला होता, असं म्हणा ना!

पण यातून कारखानदारांनी काय धडा घेतला? कोळसा आणला का? नाही. मोठी नदी शोधली. पाणी जास्त असेल तर रंग पातळ होतो आणि पातळ झाला की दिसत नाही, हा हिशेब. नदी फुकट होती, कोळशाला पैसे पडत होते.

म्हणजे बघा, १८६४ साली कोळशाने रंग जातो हे माहीत होऊन ऐंशी वर्षं होत आली होती. टेक्नॉलॉजी होती. नव्हता तो पैसे देणारा.

* * *

त्याच कोळशाच्या मागे सरकारं कशी धावली, ते पहिल्या महायुद्धात दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस्त्रेइको नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोळसा 'जागवण्याची' पेटंट घेतली होती. लाकूड किंवा कोळसा प्रचंड तापमानाला वाफेबरोबर किंवा काही क्षारांबरोबर तापवायचा, की त्यात अगणित बारीक छिद्रं पडतात. हाच ॲक्टिव्हेटेड कार्बन. याच्या एका ग्रॅममध्ये साधारण हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा-बारा टूबीएचके फ्लॅट. (पुण्यातल्या बिल्डरांना हे अजून कळलेलं दिसत नाही. :))

२२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या लढाईत जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि एका रात्रीत कोळसा हा युद्धसाहित्याचा भाग झाला. रशियात झेलिन्स्कीने कोळशाचा मास्क तयार केला. विषारी वायूसाठी सगळ्यात चांगला कोळसा कशाचा? नारळाच्या करवंटीचा, कारण ती घट्ट असते आणि छिद्रं बारीक पडतात. अमेरिकेला करवंट्या पुरेनात तेव्हा १९१८ मध्ये तिथे मोहीम निघाली : पीचच्या कोया जमा करा, अक्रोडाची टरफलं जमा करा. २०० कोया किंवा सात पौंड टरफलं, म्हणजे सव्वातीन किलो, यांत एक मास्क, असा हिशेब लोकांना सांगितला होता. शाळेतली पोरं घरोघर फिरून कोया गोळा करत होती.

आपण आज शेतीतला कचरा वापरून प्रदूषण रोखू म्हणतो ना, ते शंभर वर्षांपूर्वी देशाच्या पातळीवर करून झालं आहे. का झालं? कारण मास्क नसेल तर मरणारा माणूस आपला होता.

त्याच काळात आयर्विंग लँगम्यूर हा शास्त्रज्ञ जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर वायू कसे चिकटतात हे मोजत होता. १९१८ च्या लेखात त्याने ते समीकरण सविस्तर मांडलं, जे आम्ही २००३ मध्ये संत्र्याच्या सालीला लावलं. कल्पना सोपी आहे. पृष्ठभाग म्हणजे थिएटर, ठरावीक खुर्च्या, एका खुर्चीवर एकच रेणू. खुर्च्या भरल्या की हाउसफुल्ल. आमचे सगळे ठिपके सरळ रेषेवर बसले तेव्हा आम्हाला साल कळली असं वाटलं होतं. खरं तर आम्ही फक्त खुर्च्या मोजल्या होत्या. शो संपल्यावर प्रेक्षक कुठे जातात, हे समीकरणात नाही.

* * *

रंगीत पाणी आणि झाडपाला यांचं नातं खऱ्या अर्थाने जुळलं १९७० च्या दशकात. अमेरिकेत १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा आला, आपल्याकडे जल प्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये. नदी कागदावर तरी फुकट राहिली नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बन महाग, मग स्वस्त काय? १९७६ मध्ये बेलफास्टच्या पूट्स, मॅके आणि हीली यांनी दोन लेख छापले, एक पीटवर आणि एक लाकडाच्या भुश्श्यावर. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचा थर, आयर्लंडमध्ये तो मुबलक. न जाळता, न 'जागवता', नुसत्या नैसर्गिक पदार्थाने सांडपाण्यातला आम्लरंग काढायचा. आमच्या रिपोर्टचे हे आजोबा.

आणि वडील कोइमतूरचे. भारतियार विद्यापीठातल्या सी. नमसिवायम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात केळीच्या खुंटाचा गाभा, नारळाच्या काथ्याचा भुसा, संत्र्याची साल असं एकेक घेऊन रंगांवर काम केलं. केळीचा लेख १९९२ चा, संत्र्याचा १९९६ चा. जागा बघा : कोइमतूरपासून पन्नासेक किलोमीटरवर तिरुपूर, होजिअरीचं आणि डाइंगचं गाव. म्हणजे ही माणसं हौसेखातर साल वाटत नव्हती, दारातल्या नदीचा प्रश्न घेऊन बसली होती.

त्यांच्या १९९६ च्या लेखातले आकडे मी आता पुन्हा नीट बघितले. एक ग्रॅम संत्र्याच्या सालीने काँगो रेड हा रंग २२.४ मिलिग्रॅम धरला. रोडामिन बी ३.२२. आणि प्रोसिऑन ऑरेंज फक्त १.३. आमच्या रिपोर्टमध्ये या लेखाचा उल्लेख होता. २२.४ चा. १.३ चा नव्हता.

हा १.३ इतका कमी का, यातच सगळी मेख आहे.

वनस्पतीच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन असतं आणि पाण्यात त्यांच्यावर ऋणभार येतो. मिथिलीन ब्लू, जो हाइनरिश कारोने १८७६ मध्ये बनवला, हा धनभारित रंग. दोघं लोहचुंबकासारखे चिकटतात. संत्र्याची साल घ्या, भुसा घ्या, चहाचा चोथा घ्या, शेंगांची टरफलं घ्या, मिथिलीन ब्लू सगळ्यांना चिकटतो. वर तो स्वस्त, गडद, मोजायला सोपा. म्हणून कॉलेजातली पोरं तोच घेतात. पण आजच्या कापसाच्या डाइंगमध्ये त्याला जवळपास स्थान नाही.

तिथे चालतात रिॲक्टिव्ह रंग. मँचेस्टरजवळ ब्लॅकली इथे आयसीआय कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन यांनी १९५४ मध्ये ते शोधले आणि पर्किनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षं होताना, १९५६ मध्ये, प्रोसिऑन नावाने बाजारात आले. हे रंग कापसाशी रासायनिक बंधनच जोडतात, म्हणून तुमचा टीशर्ट धुऊन धुऊन फिका पडत नाही. पण हे रंग पाण्यात ऋणभारित असतात, आणि कापूसही ऋणभारित. दोघं एकमेकांना ढकलतात. त्यांना जवळ आणायला डाइंगच्या पाण्यात मीठ घालावं लागतं, लिटरला पन्नास-साठ ग्रॅमसुद्धा आणि गडद शेडला त्याहून जास्त. (समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम असतं.) तरीही सगळा रंग बसत नाही. काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि कायमचा निकामी होतो. रंगाच्या जातीप्रमाणे दहा टक्क्यांपासून चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो आणि धुलाईत बाहेर पडतो.

आता जरा थांबून विचार करा. कापूस म्हणजे काय? जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. मीठ घालून, गरम करून, सोडा टाकून, सगळे लाड करूनही जो रंग कापसावर बसला नाही, तोच रंग सांडपाण्यात आहे. एका वनस्पतीने नाकारलेला रंग दुसऱ्या वनस्पतीने आपणहून का घ्यावा? साल आधी रसायनांनी धनभारित करून घेतली तर ती घेते, तसे प्रयोग भरपूर झालेत. पण मग ती 'फुकटची साल' राहत नाही.

आता सवयीप्रमाणे एक हिशेब. समजा एका प्रोसेस हाउसमधून दिवसाला दहा लाख लिटर सांडपाणी येतं आणि त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोज १०० किलो रंग. साल ग्रॅमला २० मिलिग्रॅम धरते असं उदारपणे मानलं तर रोज ५ टन वाळलेली साल लागेल. ओल्या सालीत पाऊण हिस्सा किंवा जास्तच पाणी असतं, म्हणजे २० ते २५ टन ओली साल. त्यासाठी शंभरेक टन संत्री. रोज. एका कारखान्यासाठी. आणि १.३ चा आकडा धरला तर वाळलेली सालच ७७ टन! अख्खा नागपूर संत्री सोलत बसला तरी पुरणार नाही. आणि संध्याकाळी तेवढाच रंगीत, ओला, कुजणारा ढीग दारात उभा. सालीचं काय करणार?

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर आमचा प्रोजेक्ट म्हणजे 'माझ्या मशीनवर चालतंय' होतं. डेमो उत्तम. प्रॉडक्शनला गेलं असतं तर पहिल्या तासात कोसळलं असतं.

* * *

मग तिरुपूरचं काय झालं? नोय्यल नदीवर ओरतुपाळयम इथे १९९२ मध्ये धरण बांधलं, खालच्या शेतीसाठी. त्यात साठलं डाइंगचं सांडपाणी. शेवटी ज्यांच्यासाठी धरण बांधलं ते शेतकरीच म्हणाले, हे पाणी नको. ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची हे तत्त्व लावलं, आणि २८ जानेवारी २०११ ला मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे डाइंगचे कारखाने बंद करायला सांगितलं. सातशेहून अधिक. हजारो कामगारांचा रोजगार एका आदेशाने थांबला. कारखाने पुन्हा सुरू झाले ते थेंबभरही सांडपाणी बाहेर सोडायचं नाही या अटीवर.

आणि तिथे बसलं काय? आरओ आणि पाणी आटवणारे बाष्पक. महागडी, वीज खाणारी यंत्रं. साल नाही, भुसा नाही. कारण शेतकऱ्याचं पीक जाळत होतं ते मुख्यतः मीठ, आणि मीठ कुठल्याच सालीला चिकटत नाही. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. काही रंग तर लिटरमध्ये एक मिलिग्रॅमहून कमी असला तरी दिसतो. मीठ दिसत नाही. आमच्या बीकरमधलं पाणी नितळ झालं तेव्हा आम्ही मीठ मोजलंच नव्हतं. मुळात ते घातलंच नव्हतं.

मग झाडाच्या कोळशाला काहीच जागा नाही का? आहे की. तुमच्या किचनमधल्या प्युरिफायरमध्ये जी कार्बनची कांडी असते, ती बऱ्याचदा नारळाच्या करवंटीची असते. कारखान्यांच्या प्रक्रिया केंद्रांत शेवटी, बरंचसं काम इतर पायऱ्यांनी झाल्यावर, उरलासुरला रंग टिपायला कार्बनचे फिल्टर असतात. तिथे तो चोख काम करतो. आणि वापरून झालेला कार्बन आपल्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. तो कुठे न्यायचा हे ठरलेलं असतं, त्याचे पैसे पडतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे त्यासाठी केंद्रं उभारली आहेत. म्हणजे 'सालीचं काय करणार' या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त ते फुकट नाही.

आणि जिथे ते पैसे द्यायचे टाळले जातात तिथे काय होतं, तेही तळोज्यातच दिसलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरताना दिसली. कासाडी नदीत सोडलेल्या रंगामुळे. फोटो सगळीकडे फिरले, लोक हळहळले, संबंधित कारखाना प्रदूषण मंडळाने बंद केला. मी तो फोटो ऑफिसातल्या ग्रुपवर फॉरवर्ड केला होता, खाली रडका चेहरा टाकून. तीन बीकर तेव्हा आठवले नव्हते.

* * *

इतिहास वाचून माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच. रंग काढता येतो हे आपल्याला १७८५ पासून माहीत आहे. साखरवाल्याने तो काढला कारण त्याला भाव मिळाला. सैन्याने कोया गोळा केल्या कारण सैनिक मरत होते. नदीच्या बाबतीत मात्र पैसे वाचतात एकाचे आणि पाणी जातं दुसऱ्याचं, म्हणून तिथे दर वेळी कोणाला तरी कोर्टात जावं लागलं, बासेलला आणि तिरुपूरलाही. साल, भुसा, करवंटी यांचा दोष नाही. आम्ही त्यांच्याकडून अशी अपेक्षा केली की त्यांनी हा हिशेबही फुकटात मिटवावा.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात निवळीचा एक दृष्टांत आहे. बाकी मनुस्मृतीशी माझं पटण्यासारखं फारसं काही नाही, पण हा पटतो. निवळीचं फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं तिचं नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. कॉलेजाकॉलेजांतून दर वर्षी नवीन साल आणि तोच मिथिलीन ब्लू घेऊन रिपोर्ट बांधले जातात, काळ्या रेक्झिनमध्ये. तेव्हा आम्हीही नावच घेत होतो.

कोणाच्या घरी मुलगा, भाची, पुतण्या हा प्रोजेक्ट करत असेल तर जरूर करू द्या. फक्त तीन गोष्टी करायला सांगा. रंग रिॲक्टिव्ह घ्या. पाण्यात डाइंगवाल्यासारखं मीठ आणि सोडा घाला. आणि शेवटचं प्रकरण सालीचं लिहा : किती किलो झाली, कुठे नेली, किती पैसे पडले. ग्राफ एवढे सुरेख येणार नाहीत. व्हायवाला मात्र मान खाली घालावी लागणार नाही.

सरांना फोन करावासा वाटला. ते आता नाहीत, असं एका बॅचमेटकडून कळलं.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर 'फ्यूचर स्कोप' आहे. त्यात आम्ही मोठ्या ऐटीत लिहिलंय की ही पद्धत उद्योगात मोठ्या प्रमाणावर वापरता येईल. त्या वाक्याखाली पेन्सिलने सरांचा प्रश्न लिहिला, तारीख टाकली. बायकोने खालून विचारलं, "ते ठेवायचं की टाकायचं?"

ठेवलं.